बंद भट्ट्यांची व्हिस्की

पंचेंद्रियांपैकी चार नुसती शोभेला ठेवून एकट्या नाकावर अख्खा संसार रेटता येतो, हे माझ्या थोरल्या साडूंशी गाठ पडली नसती तर मला कधी पटलं नसतं. डोळे त्यांना होते, पण ते जाड भिंगांमागे बहुतेक वेळ मिटलेलेच असत. कान होते, पण सारी उमर बोटीच्या घरघरीत गेल्यामुळे बायकोच्या, म्हणजे आमच्या अक्कांच्या, हाका त्यांना ऐकू येत नसत, निदान पहिल्या दोन तरी नाहीतच. जिभेला तर ते मोजतच नसत. "जीभ नाकाच्या ओंजळीनं पाणी पिते," असं म्हणायचे आणि पुढ्यातली आमटी आधी डोळे मिटून हुंगायचे. त्यांच्या पंक्तीला बसणाऱ्याचं जेवण हमखास निवायचं, कारण यजमानांचं हुंगून होईपर्यंत पाहुण्यानं घास उचलायचा कसा.

माझी बदली रत्नागिरीला झाली तेव्हा बायकोला थोरली बहीण हाकेच्या अंतरावर मिळाली आणि मला साडू मिळाले. साडू हे नातं विचित्रच. भाऊ म्हणावा तर रक्ताचा नाही, मित्र म्हणावा तर आपण निवडलेला नाही. एकाच घराचे जावई होण्याच्या गुन्ह्यात दोघं सापडलेले असतात, एवढंच. त्यांनी पहिल्या दिवसापासून मला 'धाकटे' म्हणायला सुरुवात केली आणि माझे रविवार ताब्यात घेतले. आठवडाभर कचेरीतल्या फायलींखाली दबून मी पार शिणून गेलेला असे. रविवारी जरा जास्त झोपावं म्हणून कूस बदलावी, तर खिडकीखाली सायकलची घंटा वाजे. सहा दिवस सरकारचे आणि सातवा साडूंचा, अशी ती वर्षं गेली. त्या दिवसांची आठवण काढली की अजूनही आधी जांभई येते, मग माया.

घंटा वाजायची ती मिरकरवाड्याला मासळी आणायला जाण्यासाठी. इतर माणसं मासळीचे कल्ले उघडून पाहतात, डोळा पाहतात, बोटानं दाबून पाहतात. साडू दोन्ही हात पाठीशी बांधून, मान किंचित वर करून, लिलावाच्या त्या आरडाओरड्यातून झोपेत चालल्यासारखे जायचे. मध्येच थबकायचे आणि हनुवटीनं एका टोपलीकडे खूण करायचे. ती टोपली पहाटेच्या ट्रॉलरची असायची. बर्फात एक रात्र काढलेली मासळी त्यांना चार पावलांवरून कळे. बोटीवर ते चीफ स्टुअर्ड, म्हणजे खाण्यापिण्याच्या खात्याचे मुख्य, होते. खलाशांच्या तोंडी त्याचं 'चीप' झालं होतं आणि बंदरावर तेच नाव चाललं होतं. ते दिसले की एखादी मासळीवाली शेजारणीला म्हणायची, "चीप आले गो. कालची मागे घे." मी पिशवी धरून त्यांच्यामागे चालायचो. माझं काम पिशवी धरणं आणि "काय धाकटे, आला ना वास?" या प्रश्नाला "आला" म्हणणं एवढंच होतं. मला सगळीकडे एकच वास यायचा, मासळीचा. पण सकाळच्या त्या प्रहरी वाद घालण्याइतकं त्राण माझ्यात नसे.

या नाकापासून काही लपत नसे, हीच खरी दमवणारी गोष्ट होती. मी दारात पाऊल ठेवलं की ते म्हणायचे, "काल साहेबानं झापलं वाटतं. घामाला आंबूस वास आहे." बहुधा झापलेलंच असायचं. शेजारच्या आगरातल्या अढीत कुठल्या बाजूचा हापूस आधी पिकलाय हे ते कुंपणाबाहेरून सांगत आणि शेजारी, तोंडानं शिव्या देत, त्याच बाजूचा पेंढा उचलून बघत. त्यांच्या मुलीला पाहायला एक मुंबईचा मुलगा आला होता. चहा-पोहे झाले, पत्रिका जमत होती, अक्कांच्या डोळ्यांत मांडवही उभा राहिला होता. साडूंनी मुलाला निरोप देताना प्रेमानं जवळ घेतलं आणि तो वळणापलीकडे गेल्यावर सांगितलं, "कापूर चघळून आलाय. कापरानं जे झाकायचं ते आपल्याला नको." मुलगा नुसती बिडी ओढत होता असं पुढे कळलं, पण तोवर त्याचं लग्न दुसरीकडे झालं होतं. अक्का त्यावरून त्यांच्याशी पुष्कळ दिवस बोलल्या नव्हत्या. मुलगी मात्र बापावर खूश होती, कारण तिला तो मुलगा मुळात आवडलाच नव्हता.

पण मासळी, आंबे आणि जावई हे सगळं त्या नाकाचं किरकोळ काम. त्याचं खरं काम व्हिस्की. हे वाचून कुणी त्यांना पिणारा समजेल, म्हणून आधीच सांगतो की एवढी कमी दारू पिणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांच्याकडे रीतसर परवाना होता आणि तो प्रकृतीच्या कारणावरून मिळालेला होता. मात्र त्या औषधाचा डोस चमचा-दीड चमचा असायचा. रविवारी मासळी घरात पडली की ते पडवीत बसत. पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा एक पेला फडक्यातून काढत. त्यात चमचाभर व्हिस्की आणि विहिरीच्या पाण्याचे चार थेंब. मग जेवणाची हाक येईपर्यंत पेला नाकाखाली. शेवटी एका घोटात संपवत, तेही केवळ टाकायला नको म्हणून. पहिली दोन वर्षं त्यांनी मला हुंगण्यापलीकडे जाऊ दिलं नाही. "तुमचं नाक अजून बालवाडीत आहे," म्हणायचे. आणि मी पेला नाकाशी धरून, पोटात भूक, डोळ्यांवर झोप, अशा अवस्थेत बालवाडी करत बसायचो.

हे वेड त्यांना लावलं ते बोटीवरच्या एका स्कॉटिश चीफ इंजिनिअरनं. बोट ग्लासगोला लागली की बाकीची मंडळी बाजार करायला आणि सिनेमे बघायला जात. या इंजिनिअरनं साडूंना एकदा आपल्या गावी नेलं. समुद्राच्या काठावर पांढरा चुना दिलेली एक इमारत, वर शिखरासारखं निमुळतं धुराडं. आत मोड आलेले सातू भट्टीत वाळवायचे, तेही दलदलीतली माती कापून, तिच्या विटा सुकवून, त्यांच्या धुरावर. साडू सांगायचे, "धाकटे, त्यांच्याकडे लाकूड नाही. जमीनच जाळतात." त्या भट्टीत काम करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं पिंपातून थोडी काढून त्यांच्या पुढ्यात धरली आणि आमचे साडू तिथे कायमचे अडकले. पुढे दर खेपेला एक नवी भट्टी बघायची, तिची एक बाटली आणायची, आणि ती फोडली तरी तळाशी चार बोटं राखून ठेवायची, असा नेम त्यांनी धरला. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा त्यांच्या पेटीत साड्या होत्या दोन आणि अशा बाटल्या पुष्कळ. अक्कांनी पेटी उघडून पाहिली आणि पुन्हा लावून टाकली. कपाटाची वरची फळी बाटल्यांना मिळाली. अक्का त्या फळीला 'भुतांची फळी' म्हणत, आणि सोवळ्यात असल्या की तिच्याखालून जात नसत.

ऐंशी साल उलटून थोडी वर्षं झाली होती. राजिवड्याचे इब्राहिमभाई, साडूंच्या हाताखाली काम केलेले, अजून बोटीवर होते. ते सुट्टीवर आले की आधी साडूंकडे येत. त्या खेपेला ते पडवीत बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "चीप साहेब, तुमची ती समुद्रावरची भट्टी बंद झाली वो. माल फार झाला, उठाव नाय. मालकांनी कुलूप घातलं." साडू उठून आत गेले, आंघोळ केली, आणि त्या दिवशी पानावरची सुरमई बाजूला सारून ताकभात जेवले. अक्कांनी विचारलं, "बरं नाही का?" तर म्हणाले, "सुतक आहे." मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. त्यानंतर इब्राहिमभाई आणि दुसरे खलाशी जसे येत गेले तशा आणखी बातम्या येत गेल्या. आज ही भट्टी, उद्या ती. कुठे तांब्याची भांडी मोडीत काढली, कुठे गोदामाचे फ्लॅट होणार. दर बातमीला आंघोळ आणि ताकभात. अक्का वैतागून म्हणाल्या, "माझ्या माहेरचं कुणी गेलं तर एवढं पाळलं नाही यांनी."

भुतांच्या फळीवर आता खरोखरच भुतं बसली होती. चार बाटल्या चार बंद भट्ट्यांच्या, आणि एक मोठी बरणी, जिच्यात साध्या धान्याची हलकी व्हिस्की होती. तीही भट्टी उठली होती. इंजिनिअरच्या मेव्हण्यानं, जो अशाच एका गोदामात कामाला होता, ती साडूंना शेवटच्या खेपेला निघताना भेट दिली होती. एके रविवारी साडूंनी त्या पाचही पडवीत मांडल्या आणि मला सांगितलं की या सगळ्यांची मिळून एक व्हिस्की करायची. तिकडे बाजारात जी स्कॉच मिळते ती बहुतेक अशीच असते, म्हणाले; पाच-पंचवीस भट्ट्यांचा माल एकत्र आणून जुळवलेली. "ही हलकी म्हणजे भात. या चार म्हणजे कालवणं. नुसतं कालवण कोण खातं? आणि नुसता भात कोण खातो?" मी म्हणालो, "पण आहेत तशा राहिल्या तर काय बिघडलं?" त्यांनी एकीचं बूच काढून हुंगलं. मग म्हणाले, "एकेकट्या किती दिवस ठेवायच्या? हवा लागून उतरत चालल्यात. भट्ट्या गेल्या त्या गेल्या. यांना तरी एका घरात आणू."

मग जे सुरू झालं त्यानं माझ्या उरल्यासुरल्या रविवारांचाही बळी घेतला. डोळ्यांत औषध घालायच्या नळीनं थेंब थेंब काढून चमच्या-चमच्याची मिश्रणं करायची, ती झाकून ठेवायची, तासाभरानं हुंगायची. समुद्राकाठची ती धुरकट व्हिस्की दोन थेंब जास्त पडली तर त्यांना इतकं दुःख व्हायचं की जेवणाची वेळ टळून जायची. घाई करता येत नव्हती. माल थोडा होता, आणि एकदा ओतलं की पुन्हा वेगळं करता येणार नव्हतं. नवा आणावा तर जगात कुणी तो आता काढत नव्हतं. असा तो पावसाळा चालला होता. बाहेर आगरात पाणी साचलेलं, भिंतींना ओल आलेली, मी पडवीतल्या बाकावर पेंगतोय आणि साडू पेला फिरवत पुटपुटताहेत, "अजून नाही. अजून नाही."

गणपतीच्या आधी त्यांना ताप आला. साधाच ताप, पावसाळी पडसं, आठ-दहा दिवसांत उतरला. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही मिरकरवाड्याला गेलो. ते नेहमीसारखे हात पाठीशी बांधून चालले, थबकले, खूण केली. मी सुरमई पिशवीत घेतली. टोपलीवाली बाई माझ्याकडे बघत राहिली, काहीतरी बोलावंसं वाटून गप्प बसली. घरी आल्यावर अक्कांनी पिशवी दारातच घेतली, तोंड उघडून बघितलंही नाही, तशीच मागच्या दारी नेऊन माडाच्या मुळाशी पुरून टाकली आणि कुळथाची पिठी केली. पानावर बसल्यावर साडू म्हणाले, "सुरमई कुठाय? पहाटेची होती." अक्का म्हणाल्या, "मांजरानं ओढली." त्यांच्या घरात मांजर नव्हतं. साडूंनी वर पाहिलं, मग पिठी भातावर ओढून घेतली. त्या दिवशी त्यांनी हुंगल्याशिवाय पहिला घास घेतला.

जेवणानंतर मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. साडू माझ्याकडे पाठ करून मसाल्याच्या फळीपाशी उभे होते. हिंगाचा डबा उघडून त्यांनी नाकाला लावला होता. कोंकणातला तो ओला दिवस, बंद घर, हिंगाच्या वासानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते तसेच उभे होते. डबा लावून त्यांनी मोहरी घेतली, मग कापूर, मग रॉकेलची बाटली. मी मागच्या मागे फिरलो. माजघरात अक्का सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. नजर न उचलता हळू म्हणाल्या, "आठवडा झाला. रोज हेच चाललंय. विचारलं तर म्हणतात हिंग जुना झालाय."

डॉक्टरांनी सांगितलं, काही वेळा असं होतं. येईल परत, कदाचित नाही येणार. साडू कुणाशीच त्याबद्दल बोलले नाहीत. खरं सांगायचं तर मला वाटलं, आता हे व्हिस्कीचं प्रकरण मिटलं आणि मला झोपायला मिळेल. पण पुढच्या रविवारी पडवीत बाटल्या मांडलेल्याच होत्या. ते नळीनं थेंब काढत होते, पेला नाकाखाली धरत होते, डोळे मिटत होते, सगळं अगदी पूर्वीसारखं. फक्त "अजून नाही" म्हणत नव्हते. आठवणीवर अंदाज बांधत होते. चेहरा दमून गेला होता, अंधारात जिना उतरणाऱ्या माणसाचा असतो तसा. धुरकट बाटलीकडे त्यांचा हात पुन्हा पुन्हा जात होता. तो वास सगळ्यांत तिखट, निदान तो तरी लागेल या आशेनं ते ती वाढवत होते. असंच चाललं असतं तर सगळा माल त्या एका धुरात गेला असता. मला ते कळत होतं, पण बोलायचं कसं हे कळत नव्हतं.

अक्का हात पुसत बाहेर आल्या. दारू ज्या खोलीत उघडी असेल त्या खोलीत आयुष्यात न बसलेल्या या बाईनं पाट ओढला आणि नवऱ्यासमोर बसकण मारली. "द्या इकडे," म्हणाल्या.

"काय?"

"तो पेला. तुम्हाला येत नाहीये. मला येतो."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर बघू लागलो. "तुला चालेल?" त्यांनी विचारलं.

"प्यायची नाहीये मला. हुंगल्याचं पाप देव मोजत नसेल. मोजलंच तर बघू." त्यांनी पेला घेतला, नाक मुरडलं, लांब धरला, मग जवळ आणला. "शेतातल्या भाजावळीचा वास आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे भाजावळ पेटलेली असते तेव्हाचा नव्हे. विझल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी दव पडतं ना त्यावर, तेव्हाचा. आणि डांबर. होडीला लावतात ते."

साडूंनी डोळे मिटले. "आणि?"

"आणि मागून काहीतरी गोड. थांबा. रवा भाजताना शेवटी येतो तसा."

"तोच," साडू म्हणाले. "तोच तो. हा समुद्राकाठचा."

त्या दिवसापासून अक्कांचं नाक आणि साडूंची आठवण अशी दोघांची मिळून भट्टी चालली. एका बाटलीत त्यांना पिकून फुटलेल्या काजूच्या बोंडांचा वास आला, दुसरीत नव्या सुंभाचा, तिसरीत पेटीत ठेवलेल्या लोकरीच्या शालीचा. त्या सांगत आणि साडू त्यावरून ओळखत: ही डोंगरातली, हिचं पाणी ओढ्याचं, ही शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली. कधी त्या विचारत, "हे गाव कसं होतं हो?" आणि ते सांगू लागत. तिथला वारा, दगडी कुंपणं, हिवाळ्यात दुपारी तीनला पडणारा अंधार, त्यांना आपल्या घरी जेवायला नेणारी आणि कांजीसारखं काहीतरी वाढणारी एक म्हातारी. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यातली बहुतेक एक पाण्यावर आणि एक चुलीपाशी अशीच गेली होती. घरी आले की ते महिनाभर झोपत आणि पुन्हा जात. ही गावं अक्कांनी कधी ऐकली नव्हती. आता त्या चष्मा पुसत ऐकत आणि मध्येच म्हणत, "मला कधी सांगितलं नाहीत ते." ते म्हणत, "तू कधी विचारलंस?" यावर भांडण होईल असं वाटायचं, पण होत नसे. दोघंही थकलेली होती. मीही पेंगायचं सोडून ऐकत बसायचो.

ओतायचा दिवस आला. अक्कांनी उन्हात तापवून घेतलेली काचेची नवी बरणी आणली. आधी भात, म्हणजे ती हलकी व्हिस्की. मग एकेक कालवण, ठरलेल्या मापानं. शेवटी धुरकट. साडू ओतू लागले आणि अक्का बरणीच्या तोंडाशी वाकल्या. "बास," त्या म्हणाल्या.

साडूंचा हात थांबला. "अजून थोडी लागेल. माझ्या आठवणीत—"

"बास म्हटलं ना. पुढे गेलात तर बाकीच्या तिघी मरतील."

जहाजावर कप्तानाशीही भांडणारा हा माणूस. बाटली तिरकी धरून तसाच बसला. तळाशी दोन बोटं उरली होती. मला वाटलं आता ओततील, कारण ती उरवून तरी काय करायची. पण त्यांनी बाटली सरळ केली, बूच लावलं आणि म्हणाले, "तू म्हणतेस तर बास." मग बरणीला घट्ट झाकण लावून वरून फडकं बांधून टाकलं. आता महिनोन्महिने हलवायची नाही, म्हणाले. तिकडे याला लग्न लावणं म्हणतात. "लग्न लागलं. आता नांदू दे."

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी बरणी उघडायचं ठरवलं आणि त्यासाठी बोटीवरच्या तिघा जुन्या माणसांना दुपारच्या जेवणाला बोलावलं. इब्राहिमभाई आले ते पांढरीशुभ्र टोपी घालून. ते नुकतेच हज करून परतले होते. मिरकरवाड्याचे म्हातारे सारंग, डेकवरच्या खलाशांचे मुकादम, आले. त्यांना डॉक्टरांनी थेंबालाही शिवू नका म्हणून बजावलं होतं, आणि त्यावर लक्ष ठेवायला सून बरोबर आली होती. केळशीचा भंडारी एसटीनं आला. तो बोटीवर स्वयंपाकी होता आणि त्याच्या पिण्याच्या गोष्टी अजून बंदरात सांगत. त्यानं गळ्यातली माळ पुढे काढून दाखवली आणि ओशाळून हसला. "दोन वर्सं झाली, चीप. सोडली." साडू प्रत्येकाला या, बसा म्हणत होते. चौथ्यांदा माझ्याकडे वळून म्हणाले, "धाकटे, आता राहिलात तुम्ही." त्या सकाळपासून माझं पित्त खवळलेलं होतं. मी मान खाली घातली.

साडूंनी बरणीचं फडकं सोडलं. मग इब्राहिमभाई म्हणाले, "पीत नाय, चीप साहेब. पन हुंगायला कोन आडवतो? द्या."

साडूंनी पेल्यात थोडी ओतली, चार थेंब पाणी घातलं आणि पेला इब्राहिमभाईंकडे दिला. त्यांनी टोपी मागे सारली, नाक आत घातलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. "धुकं," ते म्हणाले. "ग्लासगोची नदी. बोट आत न्यायला पायलट येईपर्यंत आपण थांबायचो ना, तवाचं." पेला सारंगांकडे गेला. सारंगांचे हात कापत होते, म्हणून सुनेनं तो धरला. ते म्हणाले, "ओला रस्सा, बोट बांधायचा. नि शिडीखाली कोळसा पडायचा त्याचा वास." मग पेला परत नाकाशी ओढून म्हणाले, "आपला दाऊद गेला तवा असाच वास येत होता डेकवर." दाऊद कोण ते मला माहीत नव्हतं, पण बाकीच्या दोघांनी माना हलवल्या. केळशीच्या स्वयंपाक्याला पावाचा वास आला, करपलेल्या कडेचा, आणि त्यावरून त्याला तो करपलेला पाव ज्या वादळात करपला ते वादळ आठवलं. पेला फिरत राहिला. अक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या आणि मध्येच सांगत होत्या, "तो गोडसर आहे ना, तो डोंगरातल्या गावाचा." जेवणं राहिली, ऊन पडवीतून उतरून आगरात गेलं, आणि बाप्ये माणसं एका पेल्यात नाक घालून बोलत राहिली. न पिता एवढी चढलेली माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत.

साडू मधोमध बसले होते. पेला त्यांच्याकडे आला की ते तो पुढे देत आणि विचारत, "तुला कसला येतो?" आणि डोळे मिटून ऐकत. शेवटी त्यांनी तो स्वतः उचलला आणि प्याले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. "कशी आहे?" इब्राहिमभाईंनी विचारलं. साडूंनी पेला खाली ठेवला. "गरम आहे," ते म्हणाले, आणि हसले. अक्का पटकन आत जाऊन पानं वाढू लागल्या.

त्यानंतर माझी बदली घाटावर झाली. मला रविवार परत मिळाले, आणि त्यांचं काय करायचं हे मला समजेना. दुसऱ्या वर्षी साडू गेले, झोपेतच. आम्ही पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पुढे अक्का डोंबिवलीला मुलीकडे राहायला गेल्या. खूप दिवसांनी मी त्यांना भेटायला गेलो, तर औषधांच्या कपाटात सिरपच्या बाटल्यांशेजारी एक ओळखीचा रंग दिसला, त्या बरणीतल्या व्हिस्कीचा. त्यांच्या लक्षात आलं. "पडसं झालं की उघडून बघते," त्या म्हणाल्या. "वास आला की समजायचं, नाक सुटलं. मुलगी हसते मला."

"घेतलीत कधी?"

"छे हो. मला काय करायचीय." त्यांनी बाटली काढून मांडीवर घेतली. तळाशी थोडी उरली होती. "त्यांना मी सांगायची ना, हा असा, तो तसा. कधी कधी कंटाळा यायचा. भात शिजायचा असायचा, काही असायचं. दोन शब्दांत आटपायची. ते म्हणायचे, आणि? मी म्हणायची, आणि काही नाही." त्यांनी बुचावरून अंगठा फिरवला. "असायचं हो पुष्कळ."

मग त्यांनी बूच काढलं, बाटली नाकाशी धरली आणि डोळे मिटून, सावकाश, काही न वगळता, एकेक वास सांगायला लागल्या. मी ऐकत बसलो.